‘ह्यूमन’ या एका शब्दापायी ४९ दिवस

परदेशातून पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, मागवणार असाल, तर इन्व्हॉइसवर वस्तूचं वर्णन नेमकं काय छापणार, हे विक्रेत्याकडून आधी लिहून घ्या. बाकीचं सगळं नंतर. हे मला मे महिन्यात कुणी सांगायला हवं होतं.

काम होतं १४-३-३ या प्रथिनाचं. पेशीत निरोप पोचवणाऱ्या साखळ्यांमध्ये हे जागोजागी असतं. माणसात त्याचे सात प्रकार, त्यातला सिग्मा माझ्या वाट्याला आलेला. नावाचं सगळेच विचारतात: १९६७ मध्ये गाईच्या मेंदूतली प्रथिनं वेगळी करताना हे कॉलममधून चौदाव्या भागात उतरलं आणि जेलवर ३.३ या जागी दिसलं, म्हणून १४-३-३. दुसऱ्या एखाद्या प्रथिनातल्या सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढलं की हे त्याला आपल्या खोबणीत धरतं. असा धरलेला १३ अमिनो आम्लांचा तुकडा नेमका कसा बसतो, ते मला प्रथिनाचे क्रिस्टल करून, त्यांवर एक्स-रे टाकून बघायचं होतं. फॉस्फेट चढवलेला तो तुकडा म्हणजेच मागवलेलं पेप्टाइड. तुकडा कुठल्या प्रथिनातला, ते पेपर छापून आल्यावरच सांगता येईल.

प्रथिन ई. कोलाय या जिवाणूत भरपूर निघालं, शुद्धही झालं. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून मी पेप्टाइडची वाट बघत बसले.

११ जूनला पार्सल मुंबईत उतरलं. दुसऱ्याच दिवशी कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटचा फोन आला, “मॅडम, क्वेरी लागलीय.” इन्व्हॉइसवर विक्रेत्याने ‘ह्यूमन प्रोटीन पेप्टाइड’ असं लिहिलं होतं. कागद तपासणाऱ्या कार्यालयाने त्याचा अर्थ घेतला, माणसाच्या शरीरातून काढलेला पदार्थ. रक्तातून काढलंय का? औषध आहे का? संसर्गाचा धोका आहे का?

मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. हे यंत्रावर एकेक अमिनो आम्ल जोडून तयार केलेलं रसायन आहे, फक्त त्यांचा क्रम माणसातल्या प्रथिनासारखा आहे. पत्र परत आलं: गाइडची सही चालणार नाही, संस्थाप्रमुखांची हवी. संस्थाप्रमुख दौऱ्यावर. ते एका दिवसापुरते येणार होते तो नेमका पालख्या पुण्यात यायचा दिवस. रस्ते तुंबलेले, म्हणून मी कोथरूडहून वेताळ टेकडी चढून पाषाणच्या बाजूला उतरले आणि सही घेतली. त्यावर उत्तर आलं, विक्रेत्याचं प्रमाणपत्रही जोडा. जोडलं. मग म्हणे स्कॅन नको, मूळ प्रत द्या. ती कुरिअरने यायला ९ दिवस. ती दिली, तर चौथी क्वेरी: संशोधन संस्थांना सीमाशुल्कात जी सवलत मिळते, तिच्या प्रमाणपत्रावर ‘सिंथेटिक पेप्टाइड’ आहे आणि इन्व्हॉइसवर ‘ह्यूमन’, दोन्ही जुळत नाहीत. म्हणजे आम्ही बरोबर शब्द लिहिला, तोच आता चुकीचा ठरला!

मला राग क्वेरीचा नाही. अनोळखी पावडरीची चौकशी व्हायलाच हवी. राग आहे तो एकेक करून विचारण्याचा. चारही गोष्टी १२ जूनलाच सांगितल्या असत्या तर आठवड्याभरात काम उरकलं असतं. शेवटी आमच्या खरेदी विभागातल्या काकांनी मार्ग काढला. म्हणाले, “ताई, उत्तरं देत बसू नका. अजून काय काय लागेल ते एकदम लिहून मागा.” त्यांनी स्वतः फोन लावला, दुरुस्त इन्व्हॉइस मागवलं, आणि ३० जुलैला पार्सल सुटलं. तोवर रोज रात्री बातम्यांत मुंबईचा पाऊस ऐकला की गोदामातली ती कुपी डोळ्यांसमोर यायची. कोरडी पावडर साध्या तापमानाला काही आठवडे टिकते हे माहीत होतं, तरी जीव टांगणीलाच. तेव्हा ऑर्डर देताना ओलावा शोषणारी पुडी जास्तीची टाकायला सांगा.

कुपी हातात आली तेव्हा तळाशी कापसाच्या पुंजक्याएवढं पांढरं काहीतरी होतं. झाकण उघडण्याआधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. पावडर झाकणाला चिकटलेली असते आणि उघडताच उडते. शिवाय ५ मिलिग्रॅम म्हणजे सगळं पेप्टाइड नव्हे, त्यात क्षाराचंही वजन असतं. निव्वळ पेप्टाइड किती ते विचारून हिशेब करा, नाहीतर प्रथिनाच्या दुप्पट घातलंय असं वाटतं आणि प्रत्यक्षात कमी पडतं.

प्रथिन मी नव्याने शुद्ध केलं. ४९ दिवस गोठलेलं वापरायचा धीर झाला नाही. दोन्ही एकत्र करून रात्रभर थंडीत ठेवलं आणि २ ऑगस्टला ट्रे लावले: २४ खण, काठाला ग्रीस, खणात हेपेस (आम्लता स्थिर ठेवणारा बफर), कॅल्शियम क्लोराइड आणि पेग ४०० (प्रथिनाला क्रिस्टलकडे ढकलणारा पॉलिमर), खणावर उलट्या बसणाऱ्या काचेच्या कव्हरस्लिपवर १ मायक्रोलिटर प्रथिन आणि १ मायक्रोलिटर खणातलं द्रावण. दहाव्या दिवशी ४ अंशांच्या खोलीत स्वेटर घालून मायक्रोस्कोपला डोळा लावला. थेंबाच्या कडेला धारदार कडांचे तीन क्रिस्टल होते, ट्रे हलवला तरी जागचे न हलणारे. मी माझ्या गाइड मॅडमना हाक मारली, आणि त्या चप्पल न बदलता तशाच आत आल्या.

हे आधी सांगायला हवं होतं: पेप्टाइड फॉस्फेट बफरमध्ये विरघळवू नका. खणात कॅल्शियम आहे, दोघांचा मिळून क्षार बसतो आणि त्याचे स्फटिक बघून माणूस फसतो. आणि पेग ४०० पुरेसं असेल तर गोठवताना वेगळं ग्लिसरॉल लागत नाही, क्रिस्टल बारीक फासात (लूपमध्ये) उचलून सरळ द्रव नायट्रोजनमध्ये. माझे तरी तसेच नीट गोठले.

डेटा आमच्याच एक्स-रे यंत्रावर २.१ अँगस्ट्रॉमपर्यंत मिळाला, म्हणजे बारकावे दिसण्याइतका स्पष्ट. प्रथिनाचा सांगाडा आधीच्या रचनेवरून बसला. पेप्टाइड मात्र मी मुद्दाम मॉडेलमध्ये घातलं नाही, कारण आपण घातलेलं आपल्यालाच दिसू लागतं. रिकाम्या खोबणीचा नकाशा उघडला तर तिथे हिरवी जाळी होती, म्हणजे मॉडेलमध्ये नसलेलं काहीतरी तिथे खरंच होतं, आणि मधोमध फॉस्फेटचा गच्च गोळा. प्रथिनातली ५६, १२९ आणि १३० व्या जागेवरची अमिनो आम्लं, म्हणजे आर्जिनीन ५६, आर्जिनीन १२९ आणि टायरोसीन १३०, यांनी तो तिन्हीकडून धरलेला. त्या संध्याकाळी मी स्क्रीनसमोरून उठलेच नाही.

फॉस्फेट नसलेलं तेच पेप्टाइड तुलनेसाठी लागतं. ते पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवा, मी मागवलं नव्हतं. ते आता मागवलं, तेव्हा इन्व्हॉइसवर एवढंच लिहून घेतलं: ‘कृत्रिम पेप्टाइड, मानवी वा प्राणिज अंश नाही, फक्त संशोधनासाठी’. प्रमाणपत्रांवरही शब्दन् शब्द तेच, आणि संस्थाप्रमुखांची सही आधीच. चार दिवसांत सुटलं. आज सकाळी उणे २० अंशांत ठेवलंय, सोमवारी ट्रे लावणार.