उतरलेले सेल

१९८८ साली कापसाचे चुकारे हाती आले तेव्हा बाबांनी दारव्ह्याहून टू-इन-वन आणला. घरात मात्र तो कायम 'टेप'च. रेडिओ लागलेला असला तरी आई म्हणायची, "तो टेप बंद कर ना रे."

ओसरीतल्या फळीवर त्याची जागा ठरलेली होती. पाहुणे आले की आधी अँटेना लांब ओढायचे. मिडियम वेव्हला तिचा काही उपयोग नसतो, ती शॉर्टवेव्हसाठी. मिडियम वेव्ह पकडते ती डब्याच्या आतली, तांब्याची तार गुंडाळलेली फेराइटची काळी कांडी. कांडीचं टोक केंद्राकडे वळलं की आवाज मावळतो, ती आडवी झाली की उघडतो. हे आम्हाला फार नंतर कळलं. बाबांनी डबा फिरवून फिरवून ५८५ किलोहर्ट्झचं नागपूर जिथे खणखणीत लागलं, तिथे फळीवर कोळशाच्या दोन रेघा मारून ठेवल्या. कुणी डबा सरकवला की आजी ओरडायची, "नागपूर हालवलं रे बाप्पा यानं!"

दुखणी सगळी कॅसेटच्या बाजूची. आवाज घुसमटला म्हणजे फीत वाचणाऱ्या हेडवर तिचा तपकिरी भुगा बसला. माचिसच्या काडीला कापूस गुंडाळायचा (कापसाची आमच्याकडे काय कमी!), स्पिरिटात बुडवायचा आणि हेड, शेजारचा रबरी रोलर पुसायचा. बोंडातून ओढलेला धागा रोलरला अडकला तर नवीनच दुखणं, म्हणून काडी आई वळायची. गुंतलेली फीत परत भरायला मी पऱ्हाटीची काडी तासून ठेवली होती, चाकाच्या दातांत बरोबर बसणारी.

आणि सेल. सहा मोठे सेल लागायचे. लाइनचा भरवसा नव्हता. सेल उतरले की गाणारी बाई हळूहळू पुरुष व्हायची. रेडिओ त्याच सेलांवर आणखी आठवडाभर बोलायचा, कारण त्याला मोटर फिरवायची नसते. मग सेल उन्हात ठेवायचे, एक-दोन गाणी निघायची.

अशाच उतरल्या सेलांवर एका पोळ्याला मी तोरणाखालच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढे म्हणायची कवनं, भरल्या. बाबा झडती म्हणण्यात गावात पुढे. शेवटच्या "हर बोला हर हर महादेव"ला बैलांच्या घुंगरांसकट सगळं कॅसेटमध्ये आलं.

मागच्या दिवाळीत टेप माळ्यावरून काढला. आतला बेल्ट वितळून डांबर झालेला. तो खरवडून नवा घातला, नवे सेल टाकले, कॅसेट लावली, तर बाबा चिमणीसारखे किचकिचले. पोरं हसून लोळली. खराबी टेपची नव्हती. भरताना मोटर हळू चालत होती, म्हणून कमी फितीत जास्त बोलणं मावलं. आता फीत सेकंदाला आपली पावणेपाच सेंटिमीटर सरकत होती, अन् बाबा घाईत.

भिंतीवरच्या घड्याळातले, टॉर्चमधले, कुठले कुठले अर्धमेले सेल घालून पाहिले. घड्याळातला तर मापातच बसला नाही. शेवटी शेजारच्या काकांच्या टॉर्चमधले अन् आमच्या जुन्या टॉर्चमधले मिळून सहा जमले. मोटर रेंगाळली. तोरणाखाली बाबा आपल्या भारदस्त आवाजात उभे राहिले.

दुसऱ्या झडतीच्या अर्ध्यात ते आणखी जाड होत होत थांबले. मी सेल काढून खिडकीत उन्हात ठेवले.