कावागोएची रताळी आणि शिवरात्रीचा कीस

जपानातली माझी पहिली महाशिवरात्र. बाहेर बोचरी थंडी, आणि सुपरमार्केटच्या दारातच गरम खड्यांवर भाजलेल्या रताळ्यांचा घमघमाट. म्हटलं, चला, उपासाची काळजी मिटली. कच्ची तीन रताळी घरी आणली, किसली, कीस पाण्यातून काढून घट्ट पिळला. तुपात जिरं-मिरची तडतडली, कीस टाकला, झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी बघते तर कढईत पिवळाधमक चिकट गोळा! उलथन्याला धरून बसलेला, शिऱ्यासारखा गोड, आणि त्यात मिरची. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. "अगं, पाणी राहिलं असेल," ती म्हणाली. पाणी नव्हतं राहिलं.

उलगडा केला तो शेजारच्या आजींनी. वय 88. त्यांनी विचारलं, "कोणतं घेतलंस?" रताळ्याला नाव असतं हेच मला ठाऊक नव्हतं. कोल्हापूरच्या मंडईत फार तर लाल की पांढरं, एवढंच विचारतो आपण. इथे पिशवीवर जात छापलेली असते. मी आणलं होतं 'बेनी हारुका'. भाजलं की आतून मधासारखं ओलं, मऊसूत होणारं. अशा रताळ्याला इथे 'नेत्तोरी' म्हणतात. मला हवं होतं ते 'होकू-होकू', म्हणजे कोरडं, पिठूळ, घास घेतला की तोंडात भुगा होणारं. त्या जातीचं नाव 'बेनी आझुमा'. हल्ली सगळ्यांना ओलं, गोड रताळंच आवडतं, म्हणून दुकानात आझुमा शोधावं लागतं. आजींनी मला थेट शेताच्या कडेच्या टपरीवर नेलं. तिथे विकायला माणूस नसतो. पिशव्या मांडलेल्या, शेजारी पैशांचा डबा. आपण नाणी टाकायची आणि पिशवी उचलायची.

मी राहते ते कावागोए हे रताळ्यांचंच गाव, टोकियोच्या वायव्येला. 1732 साली जपानच्या पश्चिम भागात मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर 1735 मध्ये आओकी कोन्यो या विद्वानानं एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, दुष्काळातलं पीक म्हणून रताळं लावून पाहिलं. पुढे कावागोएच्या आसपासची रताळी शिंगाशी नदीतून होड्यांनी एदोला जाऊ लागली. एदो ते कावागोए अंतर 13 'री', एक री म्हणजे जवळजवळ 4 किलोमीटर. त्यावरून एक म्हण पडली: 'कुरी योरी उमाइ जूसान री'. कुरी म्हणजे चेस्टनट, योरी म्हणजे 'पेक्षा'. चेस्टनटहून चविष्ट तेरा री! पण 'कुरी'चा अर्थ नऊ री असाही होतो आणि 'योरी'चा चार री. नऊ नि चार तेरा. कोडं सुटलं तेव्हा मी टाळीच वाजवली. 13 ऑक्टोबरला इथे रताळ्याचा दिवस असतो, तोही या तेरामुळेच.

हारुका मी आता नुसतं भाजते. ओव्हन 160 अंशांवर, सालीसकट, तब्बल दीड तास. घाई केली की गोडी येत नाही. रताळ्यातल्या पिठाची साखर करणारं विकर साधारण 60 ते 75 अंशांच्या मध्ये जोमानं काम करतं. त्या उष्णतेत रताळं जितकं रेंगाळेल तितकं गोड होतं. मायक्रोवेव्हमध्ये ते हा टप्पा भराभर ओलांडतं आणि फिकं राहतं. हे कळलं तेव्हा माझी आजी आठवली. रात्री जेवणं उरकली की ती चुलीतल्या फुफाट्यात रताळी पुरून ठेवायची. सकाळी साल बोटानं सुटायची, आणि सालीखाली काळसर पाक चिकटलेला असायचा.

कीस मात्र आझुमाचाच. अर्धा किलोला दोन मोठे चमचे तूप (बिनमिठाचं लोणी घरी कढवून), जिरं, मिरची, मूठभर दाण्याचं कूट. शेंगदाणे इथे चिबाचे मिळतात, टपोरे आणि खमंग. किसणीची मोठी बाजू घ्यायची, कीस लगेच पाण्यात टाकायचा, नाहीतर काळा पडतो. झाकण दोनच मिनिटं. पुढे उघड्यावर परतायचा, हलक्या हातानं. असा केला की काडी न् काडी मोकळी राहते.

पहिला जमलेला कीस वाटीत घालून मी आजींकडे नेला. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, वास घेतला आणि हळूच परत केली. युद्धाच्या वर्षांत त्या शाळकरी होत्या. तांदूळ मिळेना, सकाळ-संध्याकाळ रताळं, आणि ते संपलं की रताळ्याचे वेल. "जन्माचं रताळं मी तेव्हाच खाल्लं," म्हणाल्या. मला काही बोलताच येईना. आपण पुण्यासाठी एक दिवस हौसेनं खातो तेच.

मी पुन्हा आग्रह केला नाही. पण शरद ऋतू आला की माझ्या दारात आझुमाची पिशवी येते, माती न झाडलेली, धुतली तर टिकत नाहीत म्हणून. आणि शिवरात्रीला त्यांच्याकडे माझा डबा जातो, साबुदाण्याच्या खिचडीचा. मिरची कमी, दाणे जास्त, हे त्यांनीच सांगून ठेवलंय.