तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओ बोसांचा की मार्कोनीचा?

शाळांमधून बिनबॅटरीचा रेडिओ करून दाखवतो, तेव्हा शेवटी एक प्रश्न हमखास येतो. बरेचदा तो मुलांकडून नाही, शिक्षकांकडूनच येतो. "सर, रेडिओ खरं तर जगदीशचंद्र बोसांनी शोधला ना? मार्कोनीनं ढापला, हो की नाही?" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं, आणि माझं उत्तर दोन मिनिटांत आटपणारं नसतं. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

रेडिओच्या लहरी निर्माण करणं हे त्या काळी फार अवघड राहिलं नव्हतं. मोठी ठिणगी पाडली की त्या निघतात, हे हाइनरिश हर्ट्झनं १८८० च्या दशकातच जर्मनीत कार्ल्सरूहला दाखवून दिलं होतं. घोडं अडलं होतं ते त्या पकडण्यापाशी. हर्ट्झचा रिसीव्हर म्हणजे तारेचं एक कडं आणि त्यात केसाएवढी फट. लहर आली की फटीत ठिणगी उडायची, तीही इतकी क्षीण की अंधार करून डोळे ताणून बघावी लागे. अशा साधनावर समुद्रापार निरोप कसले जाणार!

१८९० मध्ये पॅरिसच्या एदुआर ब्रान्लीनं काचेच्या नळीत धातूचा कीस भरला. एरवी त्या किसातून वीज जवळजवळ वाहत नाही. पण लहर येऊन थडकली की कण एकमेकांना चिकटतात आणि वाट मोकळी होते. ऑलिव्हर लॉज या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञानं त्याला 'कोहेरर' म्हटलं. असा एक मी घरी करून ठेवलाय. शेजारी स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर खटकन दाबला की नळीला जोडलेला एलईडी लागतो. पोरं खूश होतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की तो विझतच नाही! नळीला टिचकी मारल्याशिवाय कण सुटत नाहीत. मार्कोनीनं त्यासाठी छोटी हातोडीच बसवली होती. निकेलच्या किसात थोडी चांदी मिसळून आणि नळीतली हवा काढून त्यानं कोहेरर सुधारलाही, पण प्रत्येक खुणेनंतर टकटक काही सुटली नाही. तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टला हे चालून जायचं. माणसाचा आवाज मात्र त्यातून येणं शक्य नव्हतं.

आता बोस. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी मिलिमीटरमध्ये मोजाव्यात इतक्या आखूड लहरी तयार केल्या, आणि १८९५ मध्ये टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडून घंटा वाजवून, बंदुकीची दारू उडवून दाखवली. या प्रयोगावरूनच "आधी बोस" हा दावा निघतो. पण बोसांना निरोप पाठवण्यात रस नव्हता. या लहरी प्रकाशासारख्या वागतात का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी त्यांनी काय वापरलं असेल? ब्रॅडशॉचं रेल्वे टाइमटेबल, पानापानांत धातूचा पातळ वर्ख घालून! आणि पिळलेला ताग. मला त्या टाउन हॉलच्या धमाक्यापेक्षा हे टाइमटेबल जास्त आवडतं. मार्कोनीचा ध्यास निराळा होता: अंतर. उंच एरियल, जमिनीत अर्थ आणि लांब लहरी. बोसांच्या आखूड लहरींनी अटलांटिक ओलांडला नसता.

मग ढापाढापीचं काय? १८९९ मध्ये बोसांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लोखंड आणि पारा वापरलेला असा कोहेरर मांडला, जो टिचकीशिवाय आपोआप पूर्ववत व्हायचा. १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीनं पतंगानं उचललेल्या एरियलवर इंग्लंडमधल्या पोल्ड्यूहून आलेले 'एस'चे (तारायंत्राच्या मोर्स लिपीतले) तीन टिंब ऐकले, ते पाऱ्याच्याच डिटेक्टरला, म्हणजे लहर पकडणाऱ्या साधनाला, जोडलेल्या टेलिफोनच्या इअरपीसमधून. तो डिटेक्टर त्याला इटालियन नौदलातल्या लुइजी सोलारीकडून मिळाला होता. बोसांचं काम तोवर छापून आलेलं होतं, सगळ्यांना खुलं होतं. त्यामुळे मी चोरी म्हणणार नाही. पण पाऱ्याच्या डिटेक्टरची गोष्ट सांगताना बोसांचं नाव वगळलं जातं, ते खटकतंच.

आणि गंमत अशी की बोसांचं जे काम माझ्या टेबलावर समोर पडलेलं असतं, त्याबद्दल कुणीच विचारत नाही. गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड. चकचकीत, काळपट, चौकोनी कपच्यांचा खडा. त्यावर बारीक तारेचं टोक अलगद टेकवायचं आणि कानाला हेडफोन लावून जागा शोधत बसायचं. इथे काही नाही, तिथे काही नाही, आणि एकदम बातम्या. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीमुळे तारेतला प्रवाह सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा पुढे-मागे होतो. हेडफोनचा पडदा त्या वेगानं हलूच शकत नाही. खडा प्रवाहाला एकाच दिशेनं जाऊ देतो, म्हणून उरतो तो आवाजाचा चढउतार. ताकद सगळी लहरीतूनच येते, बॅटरी लागतच नाही.

खड्यांचा हा एकमार्गी गुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउननं १८७४ मध्येच पाहिला होता, पण लहरी पकडायला गॅलेना वापरण्याचं पेटंट बोसांचं: अमेरिकन, क्रमांक ७५५८४०, अर्ज १९०१ चा, मंजुरी १९०४ ची. पेटंटांचा त्यांना तिटकारा होता; भगिनी निवेदिता आणि अमेरिकन स्नेही सारा बुल मागे लागल्या म्हणून हा अर्ज गेला. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि त्याच ब्राउनमध्ये वाटलं गेलं. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं तेव्हाही बिनबॅटरीनं ऐकायचा स्वस्त मार्ग म्हणजे असा खड्याचा सेटच.

एवढं सांगून झालं की मागच्या बाकावरून येतं, "मग सर, टेस्ला? १९४३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्यालाच रेडिओचा जनक ठरवलं ना?" नाही ठरवलं. मार्कोनी कंपनीनं अमेरिकन सरकारवर पेटंटांसाठी दावा लावला होता. त्यातलं ट्यूनिंगचं पेटंट कोर्टानं टिकू दिलं नाही, कारण लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन या संशोधकांचं काम त्याआधीचं होतं. जनक कोण, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच.