आमची वाटचाल: टीव्हीच्या तारेवरून माडीवर इंटरनेट

गोव्यातल्या डिचोली-म्हापसा भागात टीव्हीची केबल ओढणे हे आमचे मूळ काम. फायबर आले तसे तेही जोडू लागलो आणि तक्रार बदलली: पडवीत वेग भरपूर, माडीवर व्हिडिओ अडकतो. घरे चिऱ्यांची, भिंती जाड. त्यातून ५ गिगाहर्ट्‌झचे वायफाय फार लांब जात नाही. भिंत फोडायला घरमालक तयार नसतो. पण माडीवर टीव्हीची काळी तार आधीच गेलेली असते. तिलाच आता आम्ही कामाला लावतो.

लागतात ‘मोका २.५’चे, म्हणजे टीव्हीच्या तारेतून इंटरनेट नेणाऱ्या तंत्राचे, दोन अडॅप्टर. एक राउटरच्या लॅन पोर्टला, दुसरा माडीवर, मध्ये तीच आरजी-६ तार. माडीवरच्या अडॅप्टरला दुसरा राउटर जोडून तो ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवायचा, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो. अडॅप्टर बहुधा बाहेरून मागवावे लागतात. त्यांच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट छापलेले आहे ना, हे प्लगला लावण्याआधी वाचा.

मोका ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्‌झमध्ये चालतो. केबल टीव्हीचे चॅनल ८६२च्या खाली, म्हणून दोघे एका तारेवर सुखाने नांदतात. डिश टीव्हीच्या छत्रीचे तसे नाही. तिचा सिग्नल ९५० ते २१५०मध्ये येतो, शिवाय सेट टॉप बॉक्स छत्रीकडे १३ किंवा १८ व्होल्ट सोडतो. चालू छत्रीच्या तारेला हात लावायचा नाही. बंद पडलेल्या छत्रीची तार मात्र उत्तम.

काम बिघडते ते बहुतेक वेळा स्प्लिटरपाशी, म्हणजे एका तारेच्या अनेक वाटा करणाऱ्या डबीपाशी. माळ्यावर सापडणाऱ्या जुन्या स्प्लिटरवर ५-१००० मेगाहर्ट्‌झ लिहिलेले असते. त्याच्या जागी १६७५पर्यंतचा बसवा. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये साधारण ३.५ डेसिबल जातात, चार वाटांच्यात ७, म्हणून हवा तेवढाच घ्या आणि रिकाम्या तोंडाला ७५ ओहमचे टर्मिनेटर लावा. मध्ये टीव्हीचा साधा ॲम्प्लिफायर असेल तर तो मोकाला बहुधा अडवतोच. ऑपरेटरची तार घरात शिरते तिथे मोका फिल्टर हवा, नाहीतर आपले नेटवर्क शेजारच्या फ्लॅटपर्यंत पोचू शकते. अडॅप्टरला पासवर्डही घालावा.

दुसरा शत्रू आपला पाऊस आणि खारी हवा. गच्चीवरचा हाताने पिळलेला एफ-कनेक्टर (तारेच्या टोकाचे धातूचे तोंड) सैल होतो, पाणी तारेच्या आतल्या धातूच्या जाळीतून चढते. जाळी काळी दिसली की वीतभर तार कापायची. तरीही काळीच निघाली तर तारच बदलायची. नवा कनेक्टर कॉम्प्रेशनचा, म्हणजे अवजाराने दाबून बसवायचा, मधली तार तोंडाबाहेर जेमतेम ३ मिलिमीटर.

शेवटी दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने मोजतो. लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिटचा असेल तर ९०० मेगाबिटच्या वर दिसायला हवे. २०० दिसले तर दोष अडॅप्टरात शोधू नका, आधी स्प्लिटर आणि कनेक्टर बघा.

आणि तार पाइपातून गेली असेल व ओढल्यावर सहज सरकत असेल, तर आम्ही अडॅप्टर विकतच नाही. तिच्याच टोकाला कॅट-६ ही नेटवर्कची केबल बांधून ओढून घेतो. ते स्वस्त पडते.