भिंतीवरचा काळा डाग आणि आयनचे बटण

समोरच्या भूखंडावर बांधकाम सुरू झाल्यापासून आमच्या खिडकीच्या चौकटीवर, सकाळी पुसलेल्या जागीसुद्धा, संध्याकाळपर्यंत बोट ओढले तर रेघ उमटावी इतकी धूळ साचू लागली. आईला दमा असल्याने हवाशुद्धीकरण यंत्र घ्यायचे ठरले, आणि दुकानदाराने सर्वांत आधी पुढे केले ते आयोनिक यंत्र. त्याला पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. फिल्टर बदलण्याचा खर्च नाही. वीजही अगदी थोडी लागते. खरे सांगायचे तर त्याच दिवशी ते आम्ही घरी आणले असते. पण मेहुण्यांकडे तसलेच यंत्र वर्षभर चालू होते, म्हणून आधी ते पाहून यावे असे ठरले.

यंत्र टेबलावर होते आणि त्याच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर तळहाताएवढा काळपट डाग पडला होता. ओल्या फडक्याने पुसल्यावर फडके काजळी पुसल्यासारखे झाले. मेहुण्यांना त्यात यंत्राचा पराक्रम दिसत होता. मला मात्र ती सगळी धूळ अजून घरातच असल्याचे दिसत होते.

त्याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. आतील टोकदार सुयांना किंवा बारीक तारांना काही हजार व्होल्टचा दाब दिला की भोवतालच्या हवेत ऋणभारित आयन, म्हणजे विद्युत्भार असलेले अतिसूक्ष्म कण, तयार होतात, ते धूलिकणांना चिकटतात आणि भार मिळालेले कण जो पृष्ठभाग जवळ असेल तिकडे ओढले जातात. यंत्रात धूळ गोळा करणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतील तर कण त्यांच्यावर बसतात. नसतील तर भिंत, पडदे आणि उशीचा अभ्रा आहेतच. तेथून ते झाडताना पुन्हा उडतात. फोडणीचा किंवा रंगाचा वास हे तर वायुरूप पदार्थांचे काम, तेथे आयनांचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो.

मला अधिक खटकली ती दुसरी गोष्ट. यंत्राजवळ झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा तिखटसर वास येत होता, आणि घरातल्यांना तो ‘पावसानंतरच्या ताज्या हवेचा’ वाटत होता. तो ओझोन होता. ज्या विद्युत्दाबामुळे आयन तयार होतात त्याच दाबामुळे प्राणवायूच्या रेणूंपासून थोडा ओझोनही तयार होतो, आणि तो श्वासनलिकेला चुरचुरवतो; दम्याच्या रुग्णाला तर अधिकच. लिंबाच्या वासाच्या फरशी-क्लीनरमधील सुगंधी द्रव्यांशी त्याचा संयोग झाला की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, म्हणजे फरशी पुसून झाल्यावर हवा उलट बिघडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने घरगुती हवाशुद्धीकरण यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दहा लाख भागांत ०.०५० भाग अशी मर्यादा घातली आहे. आयोनिक यंत्रच घ्यायचे असेल तर त्या मर्यादेच्या चाचणीत ते उतरले आहे का हे दुकानदाराला विचारावे, पट्ट्या असलेलेच घ्यावे, आणि त्या धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नयेत. ओलसर राहिल्या की यंत्र चटचट वाजू लागते.

मग मी खोक्यांवर सीएडीआर हा आकडा शोधू लागलो. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते हे तो सांगतो, आणि ‘कोट्यवधी आयन’ अशी जाहिरात करणाऱ्या बहुतेक खोक्यांवर मला तो सापडला नाही. आईची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच, म्हणजे साधारण ३० घनमीटरांची. तेथील हवा तासाला पाच वेळा गाळली जावी असे धरले तर किमान १५० सीएडीआर हवा. पंखा नसलेल्या यंत्राकडून ही अपेक्षा करणे म्हणजे चहाच्या गाळणीने टाकी गाळण्यासारखे आहे.

शेवटी हेपा फिल्टरचे यंत्र घेतले. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हा फिल्टर वेळोवेळी बदलावा लागतो, त्याची किंमत झोंबते, आणि पंखा जोरात असला की आईला दूरदर्शनवरच्या बातम्या नीट ऐकू येत नाहीत. ४० वॅटचे हे यंत्र रोज दहा तास चालवले तर महिन्याला १२ युनिट वीज लागते. त्यावर आयनचेही एक वेगळे बटण आहे. सुट्टीत आलेला भाचा दिसेल ते बटण दाबत सुटतो, म्हणून आईने त्यावर मलमपट्टीची चिकटपट्टी लावून ठेवली आहे.