तेंदूच्या फळीवरचे १२० तास

गडचिरोली, मेचा पहिला आठवडा

एम.ए. पहिल्या वर्षाची मुले दुसरे सत्र आटोपून गावाकडे निघाली आहेत. प्रत्येकाच्या पिशवीत ओजेटीचा, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंगचा, कोरा फॉर्म आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदव्युत्तर पहिल्या वर्षाला हे कार्यप्रशिक्षण चार क्रेडिटचे धरले आहे. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम. पुण्या-मुंबईच्या मुलाला ‘कुठे करू’ एवढाच प्रश्न पडतो. गोंडवाना विद्यापीठात ‘काम म्हणायचे कशाला’ इथूनच सुरुवात होते. नागपूर विद्यापीठातून २०११ मध्ये वेगळे झालेले, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोनच जिल्ह्यांचे हे विद्यापीठ. सिरोंच्याचा मुलगा इथून सुमारे २०० किलोमीटरवर राहतो. एटापल्लीच्या आतल्या गावातली मुलगी महिनाभर चंद्रपूरला खोली घेऊन राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मग तालुक्याच्या गावी कुणी संगणकवाला शिक्का मारून देतो आणि १२० तास कागदावर भरतात. तीच मुले याच महिन्यात घरच्यांबरोबर पहाटे तेंदूपत्ता तोडायला जंगलात असतात, आणि ते काम कुणीच मोजत नाही. हे मला अजिबात पटत नाही.

नुसता पत्ता तोडला म्हणून चार क्रेडिट द्यावेत असे मी म्हणत नाही. तोडायला त्यांना लहानपणापासून येते. शिकण्यासारखे आहे ते फळीवर, जिथे पुडके मोजून घेतात. आपल्याकडे एका पुडक्यात ७० पाने. देठ एका बाजूला जुळवून सालीच्या वाकाने बांधलेली. असे १००० पुडके म्हणजे एक प्रमाण गोणी, म्हणजेच ७०,००० पाने. पहाटे तोड, दुपारी घरी सगळे मिळून बांधणी, ऊन उतरताना फळीवर मोजणी. मोजलेले पुडके मोकळ्या जमिनीवर ओळीने वाळत घालतात, एक बाजू वाळली की पलटी मारतात. चार-सहा दिवस कडक ऊन मिळाले की बोदभराई, म्हणजे पोत्यांत भरणे. वाळलेला पत्ता हात लावताच तुटतो, म्हणून भरण्याआधी त्यावर पाणी शिंपडतात. इथेच खरी पारख लागते. पाणी कमी पडले तर पत्त्याचा चुरा होतो, जास्त झाले तर बोद आतून तापते आणि बुरशी धरते. वाळवणीत अवकाळी पाऊस आला तर पानांवर काळे डाग पडतात आणि ठेकेदार माल नाकारतो.

आता हिशेब. समजा एका घरचे एका दिवसाचे ३४० पुडके आले. म्हणजे २३,८०० पाने, ०.३४ प्रमाण गोणी. मजुरी शंभर पुडक्यांना ४०० रुपये धरली तर १,३६० रुपये. एवढे कुणालाही जमते. पण ग्रामसभेला मिळणारी रॉयल्टी कोणत्या आकड्यावर धरायची, फळीवर मोजलेल्या पुडक्यांवर की बोदात भरलेल्या? मधल्या दिवसांत घट येतेच. करारनाम्यात हे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ठेकेदाराचा मुंशी, म्हणजे हिशेब ठेवणारा माणूस, लहान आकडा पुढे करतो आणि फरक गावाच्या माथी येतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने फळीची आणि बोदभराईची अशा दोन्ही नोंदवह्या रोज शेजारी ठेवून हा फरक लिहून काढला, तर अख्ख्या सत्रात करार या विषयावर जे शिकवून होत नाही ते होते.

वनहक्क कायदा २००६ चा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. दोन्ही अभ्यासक्रमात आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला हेही मुले परीक्षेत लिहितात. आपल्याच गावच्या ग्रामसभेचा तेंदूचा करारनामा मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी उघडून वाचलेला असतो.

हे नीट करायचे तर मे उजाडेपर्यंत थांबून चालत नाही. मार्चमध्येच, तेंदूची झुडपे छाटण्याच्या सुमारास, विभागाचे पत्र ग्रामसभेकडे जावे आणि विद्यार्थ्याला नोंदी पाहू देण्याचा ठराव व्हावा. ठराव नसला की मुंशी वही दाखवत नाही. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. त्यात ७० तास फळीवर धरावेत, २० तास नोंदवह्या जुळवायला, १५ तास ग्रामसभेची बैठक आणि घरोघरी विचारपूस, उरलेले १५ अहवालाला. हजेरीवर सही ग्रामसभेच्या अध्यक्षांची किंवा सचिवांची, ठेकेदाराच्या माणसाची नको. आणि विद्यार्थी त्याच हंगामात मुंशीची पगारी मदत करत असेल तर त्याला दुसऱ्या फळीवर पाठवावे. आपल्याच वहीची तपासणी आपणच कशी करणार?

विचारपूस माडियात किंवा गोंडीतच व्हावी. इथे आपला विद्यार्थी बाहेरून आलेल्या कुठल्याही संशोधकापेक्षा वरचढ आहे, हे त्याला कुणीतरी ठामपणे सांगायला हवे. एक नोंद हमखास निसटते: पत्ता बाई तोडते, वहीत नाव नवऱ्याचे, खाते सासऱ्याचे. म्हणून तक्त्यात तोडणारा, वहीतले नाव आणि खातेदार असे तीन वेगळे रकाने हवेत. बँकेतून परत आलेली मजुरी बहुधा याच गुंत्यात अडकलेली असते.

एटापल्ली तालुक्यातली सूरजागडची लोहखाण सुरू झाल्यापासून ओजेटी म्हणजे कंपनी, असे मुलांच्या डोक्यात बसले आहे. ज्याला तिकडे जायचे त्याने जरूर जावे. पण पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवून पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आता आहे, आणि बरेच जण तिथेच थांबतील. त्यांच्या हाती ग्रामसभेचा जमाखर्च मांडण्याचे कसब असले तर गावात त्याला मागणी आहे.

तोंडी परीक्षेत प्रस्तावनेवर वेळ घालवू नये. समोर नोंदवहीचे एक पान ठेवावे आणि विचारावे: या दिवशी दोन वह्यांत ११० पुडक्यांचा फरक का? अहवालाची एक प्रत जूनअखेर ग्रामसभेला पोहोचलीच पाहिजे. रॉयल्टीचे वाटप पुढे होते, आणि कुणाचे किती हे ठरवायला तेव्हा हाच घरनिहाय तक्ता लागतो.