तुम्ही विचारलेत म्हणून: अल्गोरिदमला काय आवडते?

बाणेरच्या एका कंपनीत मी बारा वर्षे ऑनलाइन दुकानांसाठी शिफारस-प्रणाली लिहिण्याचे काम केले. 'हे पुस्तक घेणाऱ्यांनी तेही घेतले' अशी जी ओळ संकेतस्थळावर दिसते, तिच्यामागचा हिशेब मांडण्याचे ते काम होते. एवढ्याशा भांडवलावर नातेवाईक, सोसायटीतले शेजारी आणि सकाळी पर्वतीवर भेटणारी मंडळी मला रील्समधला जाणकार समजतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "अल्गोरिदमला नक्की काय आवडतं हो?" अल्गोरिदम म्हणजे कोणाला कोणता व्हिडिओ दाखवायचा हे ठरवणारा संगणकाचा हिशेब. आजवर मी हातातला चहा संपेपर्यंत पुरेल एवढेच उत्तर देत आलो. मध्यंतरी कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या एका तरुण कारागिराने तेच विचारले. त्याच्या धंद्याचाच तो प्रश्न असल्याने त्याची बोळवण करणे मला बरे वाटले नाही.

तो तांब्याची घंगाळी, कळश्या आणि अलीकडे दिव्यांच्या शेड बनवतो आणि संध्याकाळी काम आटोपले की त्यांचे छोटे व्हिडिओ, म्हणजे रील्स, इन्स्टाग्रामवर टाकतो. त्याची तक्रार अशी होती: "काका, माझी प्रत्येक रील दोनशे-तीनशे व्ह्यूजवर अडकते. त्यांनी मला दाबलंय." यावर त्याला उपायही पुष्कळ सुचवले गेले होते. रोज सात वाजताच टाक, तीस हॅशटॅग लाव, चालली नाही तर काढून पुन्हा टाक, थोडे पैसे भरून बूस्ट कर, असे ज्याने त्याने सांगितले होते आणि त्याने ते सगळे इमानेइतबारे केले होते.

माझ्या मते सगळा घोटाळा 'दाबलंय' या शब्दात आहे. अल्गोरिदम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कचेरीतला एखादा साहेब उभा राहतो. त्याच्या टेबलावर आपली फाइल गेलेली असते आणि त्याची मर्जी सांभाळली तर ती पुढे सरकते, नाहीतर ढिगाखाली जाते. कचेऱ्यांचा अनुभव आपल्या गाठीशी दांडगा असल्याने हे चित्र चटकन पटते. पण प्रत्यक्षात तुमचा व्हिडिओ पुढ्यात घेऊन त्याच्यावर शेरा मारणारे तिथे कोणी नसते. काम सुरू होते ते पाहणाऱ्याच्या बाजूने. कोथरूडहून स्वारगेटकडे निघालेल्या बसमध्ये कोणी फोन उघडला की त्या माणसासाठी, त्या क्षणापुरते, लाखो व्हिडिओंमधून आधी काही शे निवडले जातात आणि मग त्या प्रत्येकाबद्दल अंदाज बांधला जातो: हा माणूस हे शेवटपर्यंत पाहील का, लगेच अंगठ्याने वर ढकलेल का, कोणाला पाठवेल का. त्या अंदाजांना कमीअधिक वजन देऊन बेरीज होते आणि बेरजेच्या क्रमाने रांग लागते. यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आधी चाळणी आणि मग क्रमवारी असे हे दोन टप्पे मांडलेले आहेत आणि क्रमवारीचा निकष म्हणून 'क्लिक होईल का' याऐवजी 'किती वेळ पाहिले जाईल' हा अंदाज वापरल्याचेही त्यात नमूद आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जून २०२१ मध्ये स्पष्ट केले होते की त्यांच्याकडे सगळ्यावर देखरेख करणारा एकच एक अल्गोरिदम नाही; फीड, स्टोरी, रील्स या प्रत्येकाचा हिशेब निराळा चालतो.

आता दोनशेचा आकडा घ्या. नवी रील आधी थोड्या लोकांना दाखवली जाते, त्यांच्या प्रतिसादावरून त्यांच्यासारख्याच इतरांबद्दलचा अंदाज सुधारला जातो आणि तो चांगला निघाला तर वर्तुळ मोठे होते. त्या थोड्या लोकांपैकी बहुतेकांनी रील ढकलून दिली, तर ती पुढच्या रांगांमध्ये खाली खाली जाते आणि आकडा जिथल्या तिथे थांबतो. कोणी मुद्दाम रेघ मारलेली नसते.

हे त्याला तोंडी पटेना, म्हणून आम्ही त्याच्या कारखान्यात बसून त्याच्याच रीलचा आलेख उघडला. शेजारी ठोकाठोकी चालू असल्याने बोलायचे तर ओरडूनच बोलावे लागत होते. किती प्रेक्षक कोणत्या सेकंदापर्यंत टिकले हे दाखवणारी ती रेषा पहिल्या तीन सेकंदांतच एखाद्या कड्यासारखी खाली कोसळली होती. त्या तीन सेकंदांत होती दुकानाची पाटी, तीही किंचित हललेली, आणि मग "नमस्कार मंडळी". चौदाव्या सेकंदाला मठारकाम सुरू होत होते. हातोडीच्या एकेका ठोक्याबरोबर तांब्याच्या पत्र्यावर सारख्या अंतराने चकचकीत ठसे उमटत जातात आणि पाहतापाहता साऱ्या भांड्याला कांती येते. तिथपर्यंत जे पोहोचले, ते जवळपास सगळे शेवटपर्यंत थांबलेले दिसत होते. रेषा तिथे सपाट झाली होती. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे पाटीनेच घात केला." दुकानाला पाटी हवी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत; पण रीलच्या आरंभी पाटीला जागा नसते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

बाकीचे उपाय थोडक्यात निकालात काढता येतात. हॅशटॅगमुळे विषय ओळखायला थोडीफार मदत होते, पण ते ढीगभर लावल्याने पोहोच वाढत नाही. मोसेरी यांनीही हे वेळोवेळी सांगितले आहे. सात वाजता टाकल्याने आपले फॉलोअर जागे असतील एवढेच. बूस्टचे पैसे जाहिरातीचे असतात. ते संपले की तो प्रेक्षकही संपतो. फॉलोअर मोजकेच आहेत म्हणून रील चालत नाही, ही समजूतही तितकीच लंगडी आहे. फॉलोअरची संख्या हा शिफारशीतला थेट घटक नाही, असे टिकटॉकने जून २०२० मध्येच जाहीर केले होते. त्याच महिन्याच्या २९ तारखेला भारतात त्यावर बंदी आली आणि सप्टेंबर सरेपर्यंत इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स दोन्ही आपल्याकडे हजर झाले, हा त्यातला योगायोग. व्ह्यूजच्या आकड्यावरही फार विसंबू नये. शॉर्ट्सवर ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो, त्यामुळे आकडा फुगला म्हणजे लोकांनी पाहिलेच असे होत नाही.

दाबले जाणे अगदीच काल्पनिक आहे, असेही मी म्हणणार नाही. नियमांच्या काठावरच्या मजकुराची शिफारस कंपन्या थांबवतात, आणि दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेल्या रील्स कमी दाखवल्या जातील हे इन्स्टाग्रामने २०२१ साली सांगून टाकले होते. मात्र आपल्या खात्याची शिफारस होऊ शकते की नाही, हे डिसेंबर २०२२ पासून व्यावसायिक खात्याच्या 'अकाउंट स्टेटस'मध्ये पाहता येते. त्याच्या खात्यावर तिथे हिरवी खूण होती.

याच्या उलट, 'यंत्रच ते, त्याला कसला पक्षपात' असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. कशाला किती वजन द्यायचे हे माणसेच ठरवतात. पाहण्याचा वेळ, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणे हे तीन संकेत सर्वांत महत्त्वाचे असल्याचे मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. जाहिरातींवर चालणाऱ्या धंद्याला वेळच हवा असतो, आणि तो वेळ कौतुकाने दिला की संतापाने, हे त्या मोजणीला नीटसे कळत नाही. माझी मावशी कधीच कशाला लाइक करत नाही, त्यामुळे आपल्याविषयी फोनला काही ठाऊक नाही असे ती समजते. पण काढ्याने मधुमेह बरा करणाऱ्या एका बाबांचा व्हिडिओ ती "बघू तरी काय बरळतोय" म्हणत शेवटपर्यंत पाहते आणि मग दिवसभर तसलेच बाबा तिच्या फोनवर रांगेने येत राहतात.

तांबट आळीतल्या त्या तरुणाने पाटी काढली आणि पहिल्याच सेकंदाला ठोका ठेवला. ती रील आधीच्या सगळ्यांच्या कितीतरी पुढे गेली. नंतरची मात्र, अगदी त्याच धाटणीची, पुन्हा तीनशेच्या आत थांबली आणि मला फोन आला: "काका, आता काय चुकलं?" गणपतीचे दिवस होते. नदीपात्रातले पथकांचे सराव, ढोल-ताशे, मानाच्या गणपतींच्या मिरवणुका यांनी पुण्यातला एकेक फोन भरून गेला होता आणि माझ्या अंदाजाने त्याच्या रीलला त्या रांगांमध्ये वर यायला जागाच उरली नव्हती. रीलमध्ये काही चुकले नव्हते, म्हणून ती काढू नकोस एवढेच मी त्याला सांगितले. अनंत चतुर्दशी उलटल्यावर आठ-दहा दिवसांनी ती हळूहळू चालू लागली, तीही मुख्यतः नाशिक आणि कोल्हापूरकडे. चौघांनी घंगाळाची किंमत विचारली आणि त्यांतल्या एका बाईंनी ते घेतले, बैठकीच्या खोलीत फुले तरंगत ठेवायला.